आकाशातले घर आणि माझ्या आजीचा पाय



माणसे राहतात असे आकाशातले घर तुम्ही पाहिले आहे का? मी पाहिले आहे. आपल्या चारकोप गावठाणातून ते दिसते आणि त्याला दुर्बीण लागत नाही. गुरुजींनी आम्हांला दिवस आणि वेळ सांगितली होती. सूर्य मावळल्यावर थोड्या वेळाने मी, बाबा आणि शेजारची मुले गच्चीवर गेलो. सेक्टरच्या दिव्यांमुळे आपल्याकडे तारे फार थोडे दिसतात. पण खाडीच्या बाजूने एक ठळक ठिपका वर आला. तो विमानासारखा लुकलुकत नव्हता. आवाज तर मुळीच नव्हता. सरकत सरकत तो डोक्यावरून गेला आणि चार-पाच मिनिटांत दिसेनासा झाला.

त्याचे नाव आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक. आपल्याकडे अंधार पडला तरी तेवढ्या उंचीवर अजून ऊन असते. त्या उन्हात ते चमकते.

मी धावत खाली आले आणि आजीला सांगितले. आजी खाटेवर पडून होती. पावसाळ्यात न्हाणीत घसरून तिचा पाय मोडला होता. दीड महिना प्लास्टर होते. प्लास्टर काढले तेव्हा तो पाय दुसऱ्या पायापेक्षा अगदी बारीक झालेला दिसला. मला तर रडूच आले. डॉक्टर म्हणाले, रोज थोडे चाला, व्यायाम करा. पण आजी उठायलाच तयार नव्हती. "माझं आता वय झालं. बसल्या जागी द्या काय ते," असे ती म्हणायची. पूर्वी हीच आजी डोक्यावर मासळीची पाटी घेऊन दारोदार फिरायची.

माझे बोलणे ऐकून आजी म्हणाली, "नको बाय ते आकाशातलं घर! मागे ते स्कायलॅब पडणार म्हणून आमची झोप उडाली होती. हे पण पडंल काय?"

मी दुसऱ्या दिवशी गुरुजींना विचारले. त्यांनी सांगितले ते आणि मी वाचले ते मिळून हा लेख लिहिला आहे.

स्कायलॅबचे काय झाले?

पहिले अवकाश स्थानक रशियाने १९७१ साली सोडले. त्या वेळी त्या देशाला सोव्हिएत युनियन म्हणत. त्याचे नाव सॅल्यूत-१. मग १९७३ साली अमेरिकेने स्कायलॅब सोडले. त्यात तीन तुकड्या राहून आल्या. पुढे ते रिकामेच फिरत राहिले. इतक्या वरही अगदी विरळ हवा असते. ती हवा अडवते आणि स्थानक हळूहळू खाली येते. ११ जुलै १९७९ रोजी स्कायलॅब पडले. त्याचे तुकडे हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडले. कोणालाही इजा झाली नाही. पण कुठे पडणार ते आधी नक्की कळत नव्हते, म्हणून आपल्याकडे गावोगावी लोक घाबरले होते.

आताचे स्थानकही असेच हळूहळू खाली येते. पण त्याला मधून मधून इंजिन लावून पुन्हा वर ढकलतात.

ते वर कसे राहते?

हे स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंच आहे. म्हणजे मुंबईहून कोल्हापूर जेवढे लांब, साधारण तेवढे वर. त्याचा वेग ताशी सुमारे २८,००० किलोमीटर आहे. कांदिवलीहून चर्चगेटला जायला स्लो लोकलला सुमारे एक तास लागतो. हे स्थानक तेवढे अंतर ४ सेकंदांत जाईल! पृथ्वीभोवती एक फेरी ते सुमारे ९० मिनिटांत मारते. म्हणून तिथल्या लोकांना एका दिवसात १६ वेळा सूर्य उगवताना दिसतो.

पुष्कळांना वाटते की तिथे पृथ्वीची ओढ नसते. हे खरे नाही. तिथेही जवळजवळ ९० टक्के ओढ असते. मग माणसे तरंगतात कशी? खाडीत दगड फेकून पाहा. हळू फेकला तर जवळ पडतो, जोरात फेकला तर लांब पडतो. समजा तो इतक्या जोरात फेकला की तो पडत असताना खालची गोल पृथ्वीही तेवढीच वळत गेली. मग तो पडतच राहील, पण जमिनीला लागणार नाही. स्थानक असेच सारखे पडत असते आणि आतली माणसेही त्याच्याबरोबर पडत असतात. जत्रेतला आकाशपाळणा वरून खाली येताना पोटात कसेसे होते ना? आपण हलके झालो असे वाटते. त्यांना दिवसरात्र तसेच असते.

आजीला हे सांगितले तर ती म्हणाली, "म्हणजे पडतंय आणि पडत पण नाही! बरं आहे!"

तिथे कसे राहतात?

या घराचे काम १९९८ साली सुरू झाले. अमेरिका, रशिया, जपान, कॅनडा आणि युरोपातले देश यांनी मिळून ते बांधले. एकेक भाग वर नेऊन जोडला. त्याची लांबी १०९ मीटर आहे. २ नोव्हेंबर २००० पासून ते एक दिवसही रिकामे राहिलेले नाही. बहुतेक वेळा तिथे सात माणसे असतात. चीननेही आपले वेगळे स्थानक बांधले आहे.

झोपायची पिशवी भिंतीला बांधून त्यात झोपतात. जवळ पंखा चालू लागतो. नाहीतर आपणच सोडलेला श्वास तोंडाभोवती साचून राहतो. पाव खात नाहीत, कारण त्याचा चुरा सगळीकडे उडतो. चपातीसारखी पोळी खातात. पाणी सांडले तर त्याचे गोळे होऊन तरंगतात. घाम, श्वासातला दमटपणा आणि लघवीसुद्धा यंत्रात शुद्ध करून तेच पाणी पुन्हा पितात. हसू नका! १०० लिटरमधले ९८ लिटर पाणी परत मिळवायचे २०२३ साली जमले. आपण मात्र नळ चालू ठेवून दात घासतो.

काम तर पुष्कळच असते. प्रयोग करायचे, यंत्रे दुरुस्त करायची, साफसफाई करायची. कधी जाड पोशाख घालून बाहेरही जावे लागते.

आपले दोघेजण

राकेश शर्मा हे अवकाशात गेलेले पहिले भारतीय. ते ३ एप्रिल १९८४ रोजी निघाले आणि सॅल्यूत-७ या स्थानकात राहिले. तिथे त्यांनी योगासने करून पाहिली. वजन नसण्याचा त्रास योगासनांनी कमी होतो का, हे त्यांना बघायचे होते.

त्यानंतर ४१ वर्षांनी शुभांशू शुक्ला गेले. ते २५ जून २०२५ रोजी निघाले आणि १५ जुलैला परत आले. त्यांनी बरोबर गाजराचा हलवा, मूगडाळीचा हलवा आणि आमरस नेला होता. तिथे त्यांनी मूग आणि मेथीला मोड आणले. वजन नसले की स्नायू अशक्त का होतात, याचाही प्रयोग केला.

आता माझ्या मुख्य गोष्टीकडे येते.

वजन नसले तर मजाच, नाही का?

मलाही तसेच वाटले होते. पण तिथे पायांना अंगाचा भार उचलावा लागत नाही. मग शरीराला वाटते, आता हे पाय काय कामाचे? स्नायू बारीक होतात. व्यायाम केला नाही तर कमरेची आणि पायांची हाडे महिन्याला एक ते दीड टक्का झिजतात. धडधाकट, तरुण माणसांचे असे होते!

म्हणून तिथे रोज सुमारे दोन तास व्यायाम करावाच लागतो. स्वतःला पट्ट्यांनी खाली ओढून धरून पळतात, सायकल मारतात. लोखंडी वजने तिथे कापसासारखी हलकी, म्हणून हवा काढलेल्या नळकांड्यांचा दांडा ओढण्याचे एक यंत्र आहे. त्याने ओझे उचलल्यासारखा जोर लागतो.

शुक्ला परत आले तेव्हा त्यांना पुन्हा नीट चालायची सवय करावी लागली. एकदा त्यांनी लॅपटॉप बंद करून पलंगाशेजारी हवेतच सोडला. त्यांना वाटले तो तरंगेल. तो धपकन खाली पडला! बरे, की खाली गालिचा होता.

हे वाचल्यावर मला आजीचा पाय आठवला. दीड महिना त्याच्यावर भार पडला नव्हता, म्हणून तो बारीक झाला. मी आजीला सगळे वाचून दाखवले. म्हटले, "आजी, तुझा पाय अवकाशातून परत आलाय. त्याला आता चालायला शिकवायचं." आजी खूप हसली. मग म्हणाली, "येवढी शिकलेली माणसं पुन्हा चालायला शिकतात, मग मला लाज कसली?"

पहिल्या दिवशी ती बाबांना धरून दारापर्यंत आली. तिला दुखत होते. दुसऱ्या दिवशी नको म्हणाली. तिसऱ्या दिवशी पुन्हा उठली. आता काठी घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत जाते. डॉक्टरांनी सांगितले तेवढेच चालते. पाय अजून पूर्ण बरा नाही.

पुढची घरे

भारताचेही स्थानक होणार आहे. पहिला भाग २०२८ साली पाठवायचा आणि २०३५ पर्यंत सगळे बांधायचे असे ठरले आहे. आंतरराष्ट्रीय स्थानक आता जुने झाले. ते २०३० नंतर मुद्दाम लांब समुद्रात पाडणार आहेत. हे मी आजीला अजून सांगितलेले नाही!

गरगर फिरणारी मोठी घरे बांधावीत, असेही शास्त्रज्ञांनी सुचवले आहे. पाण्याची बादली जोरात गोल फिरवली की पाणी सांडत नाही, बुडालाच दाबून राहते. तसे फिरणाऱ्या घरात माणसाचे पाय जमिनीला टेकतील. असे घर अजून कोणी बांधलेले नाही. मी अंगणात बादली फिरवून पाहिली. पहिल्यांदा अंगावर सांडली, दुसऱ्यांदा जमले.

पालकांनो, तुमच्या घरी कोणी आजारातून उठले असेल तर डॉक्टरांना विचारून त्यांना रोज थोडे चालवा. एकटे सोडू नका, हात धरा. आणि मित्रांनो, दप्तर जड आहे, पाण्याची कळशी जड आहे, म्हणून कुरकुर करू नका. थोडे ओझे असले तर हाडे मजबूत राहतात. (दप्तर मात्र फार जड नको, हे गुरुजींनी लक्षात घ्यावे.)

पुढच्या वेळी स्थानक दिसणार असेल तेव्हा मी फळ्यावर वेळ लिहीन. आजी म्हणाली आहे, तेव्हा ती स्वतः चालत अंगणात येणार.

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी