अंगाला न चिकटणारं कापड

यवतमाळच्या कापसाला जिल्ह्याबाहेर जायची सवय फार जुनी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन कंपनीने मूर्तिजापूरपासून यवतमाळपर्यंत अरुंद रूळ टाकले, ते मुख्यतः कापसाच्या गाठी मुंबईच्या वाटेला लागाव्यात म्हणून. या 113 किलोमीटरच्या मार्गावरची शकुंतला ही गाडी 1994 पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालली आणि ते इंजिनही 1921 साली मँचेस्टरात बनलेलं. आता गाठी ट्रकने जातात. कापड जिल्ह्यातही तयार होतं. लोहारा एमआयडीसीत रेमंडचा कारखाना आहे; पण तिथलं कापड डेनिम, म्हणजे जाड आणि दणकट. मे महिन्यात पारा 45च्या आसपास गेला की ते अंगावर नकोसं होतं.

त्या दिवसांत अंगावर हवं ते विरळ विणीचं, हलकं, हाताला किंचित खरबरीत लागणारं सुती कापड. गुळगुळीत कापड घाम आला की पाठीला चिकटून बसतं. खरबरीत कापड उंचवट्यांवरच टेकतं, मधल्या फटींतून हवा खेळते आणि घाम सुकतो. ही खरबर दिसायला छान असली तरी तिचं खरं काम हेच. म्हणून असं कापड शिवताना एकच पथ्य पाळायचं : ती मरू द्यायची नाही.

खरबर येते तीन वाटांनी. खादीत ती सुतातूनच येते. हाताने कातलेला धागा कुठे जाड, कुठे बारीक असतो आणि विणल्यावर त्याच्या गाठी-रेघा कापडावर उमटतात. क्रेपमध्ये सुताला जादा पीळ दिलेला असतो; पाणी लागलं की पिळलेलं सूत आकसतं आणि कापडाला बारीक सुरकुत्या पडतात. सिअरसकरमध्ये मागावरचे काही उभे धागे ताठ आणि काही ढिले ठेवतात, त्यामुळे ढिल्या पट्ट्या फुगून राहतात. यातली खादी यवतमाळला सर्वांत जवळची. वर्धा नदी ओलांडली की वर्ध्याला खादी-ग्रामोद्योगांचं मगन संग्रहालय लागतं. गांधीजींनी 30 डिसेंबर 1938 रोजी त्याचं उद्घाटन केलं. खादीचं काम करणारं गोपुरीचं ग्रामसेवा मंडळही वर्ध्याचंच. खादीची व्याख्या 1956च्या कायद्यात आहे : भारतात हाताने कातलेल्या सुती, रेशमी किंवा लोकरी धाग्याचं, इथेच हातमागावर विणलेलं कापड. तलमपणा ठरतो सुताच्या नंबरावर. 840 यार्डांच्या जितक्या लड्या मिळून एक पौंड भरतो, तो त्या सुताचा नंबर. नंबर जितका मोठा, तितकं सूत बारीक.

अशा कापडाचा कुर्ता शिवायला घेतला की सुरुवात बादलीपासून होते. कापड रात्रभर पाण्यात भिजवायचं, न पिळता सावलीत दोरीवर टाकायचं. खळ निघून जाते आणि जेवढं आटायचं तेवढं आटून घेतं. वाळल्यावर हाताने सारखं करायचं, इस्त्री फिरवायची नाही. इस्त्रीने क्रेपच्या सुरकुत्या पसरतात, कापड लांबतं, आणि त्या मापावर बेतलेला कुर्ता पहिल्याच धुण्यात आखूड होतो.

बेतताना काठापासून एक आडवा धागा उपसतात. त्याच्या जागी जी बारीक रेघ दिसते तिच्यावरून कात्री चालवली की काप सरळ येतो. जुन्या धर्तीचा कळीदार कुर्ता या कापडाला मानवतो, कारण त्याचे बहुतेक तुकडे सरळ रेषांचे असतात. गोलाईचे काप कमी असले की धागे कमी सुटतात. बगलेत चौकोनी तुकडा बसवला की हात वर केल्यावर विरळ कापडावर ताण येत नाही. माया मात्र नेहमीपेक्षा जास्त सोडावी लागते.

मग मशीन. पँटच्या कापडाची 16 नंबरची सुई इथे भोकं पाडते. 9 किंवा 11 नंबरची लावायची. दोऱ्याचा ताण कमी करायचा, पायाचा दाबही स्क्रू फिरवून हलका करायचा, नाहीतर टिपेच्या दोन्ही बाजूंना चुण्या पडतात. टीप सुरू करताना कापड सुईखालच्या भोकात ओढलं जातं, म्हणून खाली पातळ कागदाची पट्टी ठेवतात आणि नंतर ती फाडून काढतात. जोड दोनदा शिवायचा : आधी उलट्या बाजू एकमेकींना लावून सुलट बाजूने एक टीप, मग माया कातरून कापड उलटवायचं आणि दुसरी टीप. कच्ची कड आत बंद होते आणि इंटरलॉकची जाड दोरी अंगाला टोचत नाही. गळ्याला चिकटवायचं बकरम घातलं तर तेवढाच भाग पुठ्ठ्यासारखा ताठ होतो. त्यापेक्षा मलमलीची उरेब पट्टी बरी. खांदा लोंबू नये म्हणून शिवणीत काठाची अरुंद पट्टी धरायची. घेराला हाताची तुरपाई. सगळं झाल्यावर पुन्हा एक धुणं, की दबलेली खरबर उठते.

बरेच शिंपी हे काम टाळतात आणि त्यात त्यांची चूक नाही. रोजी नगावर ठरते. तेवढ्या वेळात टेरिकॉटचे जास्त शर्ट निघतात. पण कापसापासून कपड्यापर्यंतच्या वाटेवर सर्वांत कमी भांडवलात गावात उभं राहण्यासारखं काम हेच आहे. सूतगिरणीला कोट्यवधी रुपये लागतात. शिवणाला एक पायमशीन, बारीक सुया आणि हातात कसब पुरतं. बचत गटांनी हे काम जरूर उचलावं. गिऱ्हाइकाने फक्त टेरिकॉटच्या शर्टाच्या दरात शिलाई मागू नये, कारण या कुर्त्याचं निम्मं काम मशीनच्या आधी आणि नंतरच होतं, आणि त्या कामाचेही पैसे मिळायला हवेत.