दांतास इजा झाली असतां

हाड मोडलें तर तें सांधतें, कातडी फाटली तर ती भरून येते. परंतु दांताची गोष्ट निराळी आहे. दांतावरील कठीण कवचांत जिवंत पेशी नसल्यामुळें एकदां फुटलेला दांत आपोआप कधींही जुळत नाहीं. यास्तव दांतास इजा झाली असतां काय करावें व काय करूं नये, हें प्रत्येक विद्यार्थ्यास व त्याच्या पालकांस ठाऊक असणें अवश्य आहे. दंतवैद्य कितीही कुशल असला तरी पहिलीं कांहीं मिनिटें त्याच्या हातीं नसतात. तीं क्रीडांगणावरील सोबत्यांच्या व घरांतील माणसांच्या हातीं असतात.

खेळतांना चेंडू, हॉकीची काठी किंवा सोबत्याचें कोपर लागून वरचा पुढील दांत कधीं कधीं मुळासकट निखळून पडतो. तो गेलाच असें समजून पुष्कळ लोक तो टाकून देतात. ही समजूत बरोबर नाहीं. दांताच्या मुळाभोंवतीं बारीक तंतूंचें एक नाजूक आवरण असतें व त्याच्या योगानें दांत हाडाच्या खोबणींत धरून ठेविला जातो. दांत निखळला म्हणजे या आवरणाचा कांहीं भाग मुळास चिकटून बाहेर येतो. त्यांतील पेशी जिवंत आहेत तोंपर्यंत दांत पुनः बसवितां येतो व तो पुष्कळदां रुजतो. परंतु कोरड्या हवेंत या पेशी भराभर मरूं लागतात. सुमारें ६० मिनिटें कोरड्या राहिलेल्या दांतावरील पेशी बहुधा वांचत नाहींत.

म्हणून पुढील क्रम ध्यानांत ठेवावा. दांत उचलतांना हिरडीबाहेर दिसणारा पांढरा भागच धरावा. मुळास बोट लावूं नये. माती लागली असल्यास दांत दुधांत किंवा स्वच्छ पाण्यांत क्षणभर विसळावा. तो घासूं नये, खरवडूं नये, फडक्यानें पुसूं नये. मुलगा शुद्धीवर व शांत असेल तर दांत सरळ धरून त्याच जागीं हलकेच बसवावा आणि घडी केलेला स्वच्छ रुमाल त्यास चावून धरावयास सांगावें. हें साधत नसेल तर दांत पेलाभर थंड दुधांत बुडवून न्यावा. साध्या पाण्यांत तो ठेवूं नये. पाण्यांत क्षार अत्यल्प असल्यामुळें त्या पेशी पाणी शोषून फुगतात व फुटतात. दुधांत मात्र त्या बराच वेळ तग धरितात. दूध न मिळाल्यास वाटींत त्या मुलाचीच थुंकी घेऊन तींत दांत ठेवावा. मग विलंब न करितां दंतवैद्याकडे जावें. तो हा दांत शेजारच्या दांतांस बारीक तारेनें जोडून सुमारें दोन आठवडे स्थिर ठेवितो.

हा उपाय कायमच्या दांतासच लागू आहे. पडलेला दुधाचा दांत पुनः बसवूं नये. कारण त्याच्या मागें हाडांत वाढत असलेल्या कायमच्या दांतास त्यामुळें इजा होण्याचा संभव असतो. वरचे पुढील कायमचे दांत साधारणतः सातव्या-आठव्या वर्षीं येतात, हें पालकांनीं लक्षांत ठेवावें.

दांताचा तुकडा उडाला असल्यास तो शोधून, ओला ठेवून बरोबर न्यावा. तो पुष्कळदां चिकटवितां येतो. फुटलेल्या जागीं लाल ठिपका दिसला तर आंतील मज्जा उघडी पडली असें समजून त्याच दिवशीं उपचार करवावा. मात्र मुलास भोंवळ किंवा ओकारी आली असेल तर दांताचा विचार मागें ठेवून त्यास प्रथम रुग्णालयांत न्यावें.

दुसरें संकट कीड लागलेल्या दाढेचें होय. दाढ ठणकते तोंवर मनुष्य सोसतो. पण मुळाशीं पू झाला म्हणजे तो आसपास पसरूं लागतो. गालाची सूज डोळ्याकडे किंवा हनुवटीखालीं मानेकडे सरकणें, ताप भरणें, तोंड न उघडणें, गिळतांना वा श्वास घेतांना त्रास होणें, हीं लक्षणें दिसतांच रात्र असली तरी रुग्णालय गांठावें. जिभेखालून मानेंत पसरणाऱ्या अशा सुजेचें वर्णन जर्मन वैद्य लुडविग यानें १८३६ सालीं केलें. तिच्या योगानें श्वासमार्ग बंद होऊन प्राणासही धोका पोंचतो.

घरगुती उपायांविषयीं दोन शब्द. लवंगेच्या तेलानें ठणका कांहीं वेळ बधिर होतो. कीड मात्र तशीच राहते. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवल्यास हिरडी भाजते. आपल्याकडे कित्येक घरांत दाढ दुखली कीं मिश्री लावितात. परंतु ती भाजलेली तंबाखूच होय. तिनें रोग हटत नाहीं, उलट व्यसन जडतें व मुखाच्या कर्करोगास वाट मिळते.

विद्यार्थिमित्रहो, यांत कठीण असें कांहींच नाहीं. सोबत्याचा दांत पडला तर घाबरून गर्दी करूं नका. एकानें दांत शोधावा, दुसऱ्यानें दूध आणावें व तिसऱ्यानें शिक्षकांस बोलवावें. एवढ्यानें त्याचा दांत पुष्कळदां वांचूं शकेल.