‘डॅम्प’ म्हणू की ‘ह्यूमिड’?

मैत्रिणींनो, पावसाळ्यात आपल्या कोल्हापुरात दोरीवरचे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. त्यातच लेक इंग्रजी निबंधाची वही घेऊन येते, “आई, ओल्या हवेला काय लिहू गं?” घाबरू नका. हवा दमट असेल तर ‘ह्यूमिड’. भिंत, गादी, न वाळलेली चादर सर्द लागते, ती ‘डॅम्प’. ‘मॉइस्ट’ मात्र केकसाठी नाहीतर कुंडीतल्या मातीसाठी ठेवा. तो ओलावा आपल्याला हवासा असतो! भुरभुर म्हणजे ‘ड्रिझल’, येऊन गेलेली सर म्हणजे ‘शॉवर’. आपल्या झडीला जोडीचा शब्द शोधत बसू नका, दोन-तीन शब्द खर्च करा.

इथे चुकलं तर फार तर एखादा मार्क जाईल. पण मोबाइलवर ‘हेवी’ आणि ‘व्हेरी हेवी’ दिसलं, तर दोन्ही एकच समजू नका हं. हवामान खात्याची ती मापं आहेत. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून ‘हेवी’, ११५.६ पासून ‘व्हेरी हेवी’ आणि २०४.४ च्या वर ‘एक्स्ट्रीमली हेवी’. गगनबावडा-राधानगरीकडे असा पाऊस लागला की पंचगंगा फुगते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांवर गेलं होतं. नदीकाठच्या बायकांनी तो ‘व्हेरी’ वाचला, की धान्याचे डबे, औषधं आणि कागदपत्रं आधी माळ्यावर चढवावीत. निघताना मेन स्विच बंद.