दुभत्या गायीच्या आहारातील खनिजद्रव्ये

शेतातून पीक घरी आले की त्याबरोबर जमिनीतील अन्नांशही बाहेर जातात. ते खताच्या रूपाने परत न दिल्यास जमीन वर्षागणिक निकस होत जाते, ही गोष्ट नागपूर जिल्ह्यातील शेतकरी बंधूंस नव्याने सांगावयास नको. हाच न्याय दुभत्या गायीसही लागू आहे. तिच्या दुधाच्या प्रत्येक लिटराबरोबर सुमारे १.२ ग्रॅम कॅल्शियम व जवळजवळ १ ग्रॅम स्फुरद शरीराबाहेर जाते. दररोज सरासरी ६ लिटर दूध ३०० दिवस देणाऱ्या गायीच्या शरीरातून एका वेतात दोन किलोंहून अधिक कॅल्शियम निघून जाते. हे कोठून येते व त्याची भरपाई कशी होते, याचा विचार प्रत्येक गोपालकाने करणे अगत्याचे आहे.

गव्हाणीत काय पडते?

रामटेक, मौदा, कुही या धानाच्या भागात जनावरांस मुख्यतः तणस मिळते. तणसात स्फुरद अत्यल्प असते. शिवाय त्यातील ऑक्झॅलेट नावाचा पदार्थ कॅल्शियमला बांधून ठेवतो, त्यामुळे असलेले कॅल्शियमही गायीच्या अंगी पूर्णपणे लागत नाही. काटोल, नरखेड, सावनेर या भागांत कडबा आणि तूर, हरभरा व सोयाबीनचे कुटार यांचा वापर होतो. कुटारात कॅल्शियम बऱ्यापैकी असते, परंतु स्फुरद तुटपुंजे असते. याउलट सरकीच्या ढेपेत व कोंड्यात स्फुरद पुष्कळ, पण कॅल्शियम कमी असते. तांबे व जस्त यांची उणीव तर सर्वच वाळलेल्या चाऱ्यांत सामान्यतः आढळते.

ढेप व कुटार यांचा मेळ घातला तर काही उणीव भरून निघते, हे खरे. परंतु बहुतेक घरी ढेप केवळ दुभत्या गायीस मिळते. गाय आटली की ढेप बंद होते आणि ती तणसावर किंवा कुटारावर दिवस काढते. नेमक्या याच काळात तिच्या पोटातील वासराची हाडे घडत असतात.

तोटा उशिरा का दिसतो?

खनिजे कमी पडली तरी दुधातील कॅल्शियमचे प्रमाण घटत नाही. गाय ते आपल्या हाडांतून काढून देते. शरीरातील जवळजवळ सर्व कॅल्शियम व सुमारे ८० टक्के स्फुरद हाडांत साठविलेले असते. व्यायल्यानंतर पहिले काही आठवडे प्रत्येक चांगली दुभती गाय या साठ्यातून उचल करते. वेताच्या उत्तरार्धात व भाकड काळात तो साठा पुन्हा भरावयाचा असतो. तो भरला नाही, तर पुढील वेतात दूध लवकर उतरते, गाय वेळेवर माजावर येत नाही किंवा भरवूनही वारंवार उलटते. एक माज चुकला की २१ दिवस गेले. असे चार-पाच माज गेले म्हणजे गाय सुमारे तीन महिने बसून खाते. खनिजांच्या उणिवेने होणारे खरे नुकसान हेच होय.

पाहण्याजोगी लक्षणे

गाय माती, भिंत, चिंध्या चाटू लागली किंवा हाडे चघळू लागली, तर स्फुरदाची किंवा मिठाची उणीव संभवते. ही खोड समजून सोडून देऊ नये. दक्षिण आफ्रिकेत १९२० च्या सुमारास सर अर्नोल्ड थायलर यांनी दाखवून दिले की, तेथील गुरे कुरणात स्फुरद नसल्यामुळे मेलेल्या जनावरांची हाडे चघळत व त्यांतील विषाने मरत. स्फुरदाचा पुरवठा होताच हाडे चघळणे थांबले व जनावरांची वाढही सुधारली. केसांचा रंग फिका पडणे हे तांब्याच्या, तर कातडी जाड व खरखरीत होणे हे जस्ताच्या उणिवेचे लक्षण असू शकते. जंतांमुळेही अशीच लक्षणे दिसतात. यास्तव प्रथम शेणाची तपासणी करून घ्यावी.

द्यावयाचे प्रमाण

१. सामान्य दुभत्या गायीस दररोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्यावे. अधिक दूध देणाऱ्या संकरित गायीस पशुवैद्यकाच्या सल्ल्याने प्रमाण वाढवावे.
२. वाढत्या कालवडीस २५ ते ३० ग्रॅम द्यावे.
३. मोठ्या जनावरास याशिवाय सुमारे ३० ग्रॅम मीठ द्यावे. मिश्रणात मीठ आधीच असल्यास ते हिशेबात धरावे.
४. आंबोण घरी तयार होत असल्यास दर १०० किलोंत २ किलो खनिज मिश्रण व १ किलो मीठ मिसळावे.

वाण्याच्या काट्यावर ५० ग्रॅम एकदा तोलून, तेवढेच मावेल अशी डबी माप म्हणून गोठ्यात ठेवावी. मिश्रण विकत घेताना पिशवीवर भारतीय मानक १६६४ चा उल्लेख पाहावा.

सावधगिरी

पूर्वी हाडांचा चुरा खाऊ घालण्याची शिफारस होत असे. आता रोगप्रसाराच्या भीतीमुळे तो दुभत्या जनावरांस देऊ नये. खताचा रॉक फॉस्फेट गव्हाणीत कदापि घालू नये. त्यातील फ्लोरिनमुळे दात व हाडे बिघडतात.

व्यायल्यावर दोन-तीन दिवसांत गाय थंड पडून, मान कुशीकडे वळवून बसली, तर तो दुग्धज्वर समजावा. अशा गायीच्या तोंडात काहीही ओतू नये. ते फुप्फुसात जाऊन ती दगावते. पशुवैद्यकास तात्काळ बोलवावे. शिरेतून कॅल्शियम मिळाल्यास ती बहुधा थोड्या वेळात उठते. ज्या गायीस पूर्वी हा रोग झाला असेल, तिला व्यायच्या आधीच्या तीन आठवड्यांत कॅल्शियम अधिक देऊ नये, कारण त्यामुळे हाडांतून उचल करण्याची तिची शक्ती मंदावते.

कार्यकर्त्यांस सूचना

खनिज मिश्रण हे दूध वाढविण्याचे औषध नव्हे. गवळाऊ गाय त्यामुळे होल्स्टीन होणार नाही, आणि पोटभर चाऱ्याची व ढेपेची जागाही ते घेणार नाही. आठ दिवसांत दूध वाढले नाही म्हणून पुष्कळ शेतकरी पिशवी अर्ध्यावर टाकून देतात. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पहिल्याच भेटीत हे स्पष्ट सांगावे व प्रत्येक गायीची व्यायल्याची, माजाची आणि भरविल्याची तारीख वहीत लिहावयास लावावी. दोन वेतांतील अंतर कमी झाले की शेतकऱ्यास स्वतःच्या वहीतच पुरावा मिळेल. भाकड काळातही न चुकता दिलेले हे रोजचे एक माप पुढील वेतात कामी येते.