चक्रवाढ व्याजाने वाढवलेले वन

जर्मनीत 1949 पासून युरो येईपर्यंत चलनात असलेल्या 50 फेनिगच्या नाण्यावर गुडघा टेकून रोप लावणारी एक स्त्री दिसते. दुसऱ्या महायुद्धानंतर उजाड झालेल्या डोंगरउतरणी अशाच असंख्य स्त्रियांनी पुन्हा हिरव्या केल्या. नाण्यावरचे रोप ओकचे आहे. हार्झ पर्वतात मात्र त्यांच्या हातून प्रामुख्याने स्प्रूस हा सूचिपर्णी वृक्ष लागला.

या निवडीमागे जुना हिशेब होता. 1849 मध्ये मार्टिन फाउस्टमान या जर्मन वनतज्ज्ञाने वनजमिनीचे मूल्य चक्रवाढ व्याजाने काढण्याची रीत मांडली. आजचा लागवडीचा खर्च आणि ऐंशी-शंभर वर्षांनी हाती येणारे उत्पन्न यांची तुलना त्यामुळे शक्य झाली. या कसोटीवर दीडशे-दोनशे वर्षे घेणारा ओक मागे पडे आणि सरळसोट, लवकर विक्रीयोग्य होणारा स्प्रूस पुढे जाई. गणितात चूक नव्हती. मात्र त्यात एक गोष्ट न बोलता धरलेली होती: पाऊस आणि थंडी पुढील शंभर वर्षेही तशीच राहतील.

स्प्रूस हा मुळात थंड, ओलसर प्रदेशाचा रहिवासी. त्याची मुळे खोल न जाता जमिनीच्या वरच्या थरात पसरतात. तिथे ओल असेल तोवर तो झपाट्याने वाढतो, आणि ती आटली की सर्वांआधी तहानेला येतो. दर वर्षीचा जमाखर्च त्याच्या खोडात उमटतो. वसंतात फिकट, उन्हाळ्याच्या अखेरीस गडद अशी एक जोडवलये उमटतात. कोरड्या वर्षी ती अरुंद होतात.

विशेष म्हणजे हवामान बदलू लागले तेव्हा ही वने प्रथम अधिक जोमाने वाढली. वाढीचा हंगाम लांबला, हवेतून नत्रही अधिक मिळू लागले. मध्य युरोपातील मोजणीत 1960 च्या मानाने स्प्रूसची वाढ स्पष्टपणे वेगवान आढळली, लाकडाची घनता मात्र घटली. खातेवहीत शिल्लक वाढताना दिसत होती, तेव्हा मुद्दलाची काळजी कोण करणार?

मग 2018, 2019 आणि 2020 अशी लागोपाठ तीन उष्ण, कोरडी वर्षे आली. स्प्रूसच्या सालीखाली राहणारा एक भुंगेरा आहे, जेमतेम 5 मिलिमीटर लांबीचा. सालीच्या आत तो छापील अक्षरांसारख्या नळ्या कोरतो, म्हणून जर्मन भाषेत त्याला ‘पुस्तक छापणारा’ म्हणतात. निरोगी झाड राळ सोडून त्याला बुडवते. पाणी तुटल्यावर राळेचा दाब उतरतो. मग आत शिरलेला नर गंधाने इतरांना बोलावतो आणि काही आठवड्यांत झाडाचा अन्नमार्ग कापला जातो. गार वर्षी या किड्याची एखादी पिढी पुरी होते, उष्ण वर्षी दोन, कधी तीन. शेजारी एकाच जातीची, एकाच वयाची झाडे रांगेने उभी असल्यावर त्याला दूर जाण्याची गरजच उरत नाही. 2018 ते एप्रिल 2021 या काळात जर्मनीतील सुमारे 5 लाख हेक्टर वृक्षाच्छादन गेले. त्यातला मोठा वाटा स्प्रूसचा.

पुढचे व्यापाऱ्याला सांगायला नको. रोगट लाकूड लवकर तोडून हलवणे भाग, त्यामुळे सर्वांचा माल एकाच वेळी बाजारात आला. भाव इतके कोसळले की काही ठिकाणी तोड आणि वाहतूकही भरून निघेना. बरेच ओंडके कंटेनरांत भरून चीनला गेले. शंभर वर्षांच्या ठेवीची मुदतीआधीची मोड ती हीच.

आता नव्या लागवडीत बीच, फर, ओक, उत्तर अमेरिकेतील डग्लस फर अशी मिश्र झाडे लावली जात आहेत. त्यांतले कोणते 2100 सालच्या उन्हाळ्यात टिकेल, यावर वनाधिकाऱ्यांत एकमत नाही. हार्झच्या राष्ट्रीय उद्यानात मात्र मोठ्या क्षेत्रात वाळलेले स्प्रूस तसेच उभे ठेवले आहेत. त्यांच्या करड्या खोडांखाली, कोणी न लावता, भूर्ज आणि रोवनची रोपे वर येत आहेत, आणि गार उंचीवर पुन्हा स्प्रूसचीही.