अविश्वासावर उभारलेलें राज्य

लोकसत्ताक राज्य म्हणजे लोकांनीं निवडलेल्या सज्जनांचें राज्य, अशी समजूत आपल्याकडील सुशिक्षित मंडळींतही फार पसरलेली दिसते. ज्यांनीं इ. स. १७८७ सालीं अमेरिकेची राज्यघटना रचिली, त्यांनीं राज्यकर्ते सज्जन निघतील असा भरंवसा मुळीं धरिलाच नाहीं. व आमच्या मतें त्यांच्या शहाणपणाचें मर्म यांतच आहे.

इंग्लंडच्या राजाचें जूं झुगारून दिल्यावर तेथील तेरा संस्थानांनीं आपसांत जो पहिला करार केला, त्यांत मध्यवर्ती काँग्रेसला कर बसविण्याचा अधिकारच नव्हता. लढाईचें कर्ज फिटेना. एक संस्थान शेजाऱ्याच्या मालावर जकात घेई. १७८६ सालीं मॅसाच्युसेट्समध्यें कर्जानें गांजलेले शेतकरी हत्यारें घेऊन कोर्टें बंद पाडूं लागले. अशा बाजारांत पेढी कशी चालावी, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. पुढील वर्षीं फिलाडेल्फियास बारा संस्थानांचे ५५ प्रतिनिधि जमले, मेपासून सप्टेंबरपर्यंत दारें लावून त्यांनीं खल केला, आणि अखेर ३९ जणांनीं मसुद्यावर सह्या केल्या.

सरकार दुबळें नको, आणि राजासारखें बेबंदही नको, असा हा पेंच होता. कायदे करणारा, अंमल चालविणारा व न्याय देणारा एकच झाला तर स्वातंत्र्य उरत नाहीं, असें फ्रेंच पंडित मॉन्टेस्क्यू यानें १७४८ सालच्या ग्रंथांत प्रतिपादिलें होतें. व्हर्जिनियाचा जेम्स मॅडिसन याच्याही पुढें गेला. कागदावर नुसती वांटणी करून भागणार नाहीं. प्रत्येक खात्याच्या हातीं दुसऱ्यास अडविण्याचें साधन पाहिजे, म्हणजे एकाची महत्त्वाकांक्षा दुसऱ्याच्या महत्त्वाकांक्षेस आळा घालील, असें त्यानें न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांतून मांडिलें. पेढीवर रोकड सांभाळणारा एक व खतावणी लिहिणारा दुसरा ठेवितात, तीच ही युक्ति. अध्यक्षानें कायदा नाकारावा, आणि काँग्रेसनें दोनतृतीयांश मतांनीं तो पुन्हां मंजूर करावा!

परंतु हा सारा अविश्वास सरकारापुरता होता. मॅडिसन स्वतः गुलामांचा धनी होता. मूळ घटनेंत गुलाम हा शब्द कोठेंही नाहीं. प्रतिनिधींची संख्या ठरवितांना पांच गुलाम म्हणजे तीन माणसें, हा हिशेब मात्र आहे, व पळालेला गुलाम धन्यास परत द्यावा हें कलमही आहे. राजाच्या हातांस बेडी आणि धन्याच्या हातांस मोकळीक! ती मोकळीक १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीनें कायद्यांतून गेली, पण त्याआधीं चार वर्षें यादवी युद्धाचा रक्तपात व्हावा लागला.

हें पुण्यास जोतीराव फुल्यांनीं बरोबर ओळखिलें. १८७३ सालीं त्यांनीं आपली ‘गुलामगिरी’ गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटलेल्या अमेरिकन लोकांस अर्पण केली, व आपल्या देशबांधवांनीं शूद्रांच्या बाबतींत तोच कित्ता गिरवावा अशी इच्छा प्रकट केली. २६ नोव्हेंबर १९४९ रोजीं स्वीकारलेल्या भारतीय घटनेचा मसुदा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर हे फुल्यांस गुरु मानीत. तिच्या १७ व्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली. आणि १५ व्या कलमांत सरकाराबरोबर तुम्हांआम्हांसही बांधून घेतलें आहे. दुकानें, उपाहारगृहें, विहिरी, तळीं, घाट व रस्ते, अशीं त्यांत नांवें घालून ठेविलीं आहेत, आणि त्यांत पहिलें नांव दुकानांचें आहे.