खोलीतल्या डहाणूत सिग्नल कुठे?
डहाणू तालुक्यातलं कासा पडलं महामार्गाकडे, रुळांपासून दूर. रूळ बघायचे तर डहाणू रोड स्थानक गाठावं आणि घरातल्या रेल्वे-मॉडेलसाठी नमुनाही तोच घ्यावा. सिग्नल शक्यतो गाडीच्या डाव्या हाताला. स्टार्टर (गाडी सुटण्याचा सिग्नल) फाउलिंग मार्कच्या, म्हणजे दोन रूळ जवळ येतात त्या खुणेच्या अलीकडेच, नाहीतर थांबलेलं इंजिन शेजारच्या गाडीला घासेल. डिस्टंटला (पुढच्या सिग्नलची आगाऊ सूचना देणाऱ्या सिग्नलला) लाल दिवा कधीच नसतो: एक पिवळा, दोन पिवळे किंवा हिरवा, आणि खांबावर ‘पी’ची गोल पाटी. खरी पंचाईत अंतराची. होमच्या (स्थानकात शिरण्याच्या सिग्नलच्या) १ किलोमीटर आधीचा डिस्टंट १:८७ प्रमाणात साडेअकरा मीटरवर जातो, म्हणजे थेट शेजाऱ्यांच्या ओटीवर! पुण्यातलं भाऊ जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय (१९९८) याच प्रमाणातलं. घरी मात्र डिस्टंट सरळ गाळावा. खांबाच्या उंचीत काटकसर नको.